लाकडाचा हिशेब गावाकडे

खान्देशातले धाब्याचे जुने घर म्हणजे मातीच्या आत उभे केलेले एक छोटे जंगलच. सागाचे किंवा अंजनाचे खांब, त्यांवर आडवे सर, सरांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढरी माती. घराबाहेर बैलगाडीची चाके, नांगर, वखर, तिफण, सगळे बाभळीचे. चुलीत रोजची मोळी. गावापासून थोड्या अंतरावर रेल्वे गेली असेल, तर रुळांखालीही लाकूडच. गेल्या 50-60 वर्षांत यातले जवळजवळ सगळे बदलले. घरावर स्लॅब आला, शेतात ट्रॅक्टर आला, रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आले, दारे-खिडक्या लोखंडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या झाल्या, बऱ्याच घरांत गॅस पोहोचला. लाकडाचा वापर हेच जंगल संपण्याचे मूळ कारण असते, तर या काळात जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतला सातपुडा पुन्हा दाट व्हायला हवा होता. तसे झाले नाही. महाराष्ट्राचे वनाच्छादन भूभागाच्या साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. हे दोन्ही जिल्हे त्या सरासरीच्या बरेच खाली आहेत. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर जे उरले आहे, त्यातलाही मोठा भाग विरळ आहे. लाकूड वापरणे हा गुन्हा समजून आपण जंगलाची चर्चा करतो, तिथेच ती चुकीच्या वाटेला लागते. प्रश्न आहे तो कुऱ्हाडीचा हिशेब कोण ठेवतो याचा. तो हिशेब जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या हातून ज्या दिवशी गेला, त्या दिवसापासून इथले जंगल बेवारस होत गेले आणि जिथे तो त्याच्या हाती परत आला, तिथे जंगलही परत आले.

हा हिशेब गेला कसा, याचा इतिहास फार जुना नाही. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. पहिली काही वर्षे भिल्लांचे उठाव मोडण्यात गेली. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली. त्यानंतर सरकारची नजर लाकडाकडे वळली. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता आणि पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाला डांगमध्ये तो मुबलक होता. 1842 मध्ये डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगले भाडेपट्ट्याने घेण्यात आली आणि त्यांची देखरेख खान्देशातून होऊ लागली. 1860 च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. एक मैल लोहमार्गाला पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागत, काही वर्षांनी ते कुजत आणि पुन्हा नवे घालावे लागत. 1890 पर्यंत देशात सुमारे 25,500 किलोमीटर रूळ टाकले गेले, यावरून त्या मागणीचा अंदाज येतो. ही मागणी पुरवायची तर जंगल सरकारच्या मुठीत हवे, म्हणून 1865 चा आणि मग त्याहून कडक असा 1878 चा वन कायदा आला. त्यानंतरचा 1927 चा कायदा आजही लागू आहे. या कायद्यांनी राखीव वने ठरवली, कूप म्हणजे तोडीचे पट्टे आखले, तोडीच्या पाळ्या बांधून दिल्या. वनशास्त्राच्या दृष्टीने त्यात शहाणपण होते, हे मान्य करायला हवे. अनिर्बंध तोडीपेक्षा आखीव तोड केव्हाही बरी. पण त्याच कायद्यांनी गावकऱ्याचा हक्क काढून त्याजागी सवलत दिली. काल जे लाकूड तो आपले म्हणून तोडत होता आणि आपले म्हणून राखतही होता, ते आज चोरीचे ठरले. राखण्याचे कारणच त्याच्याकडे उरले नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ही चूक दुरुस्त करण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना 1947 च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ सुरू झाली. कूप लिलावात घेणाऱ्या ठेकेदाराकडून आदिवासी मजुराची पिळवणूक होत होती. ती थांबावी, तोडीचे काम मजुरांच्या स्वतःच्या संस्थेला मिळावे आणि नफा त्यांच्यातच राहावा, ही कल्पना होती. ठाणे, नाशिक आणि तेव्हाचा पश्चिम खान्देश या पट्ट्यात अशा संस्था उभ्या राहिल्या. मजुरी सुधारली, ठेकेदाराचे महत्त्व कमी झाले, हे या चळवळीचे श्रेय आहे. मात्र या संस्थांना काम मिळाले ते तोडण्याचे. जंगल पुढे कसे वाढेल, कुठे चराई बंद ठेवायची, कोणते झाड बियाण्यासाठी राखायचे, हा निर्णय त्यांच्याकडे नव्हता. ज्याची मिळकत तोडीवर आणि ज्याला वाढीत वाटा नाही, त्याने जंगल राखावे ही अपेक्षा चांगल्या माणसाकडूनही पुरी होत नाही. आदिवासींच्या स्वतःच्या शेतातल्या झाडांचीही तीच कथा होती. व्यापारी मातीमोल भावाने मालकी साग उचलत. ते थांबवण्यासाठी 1969 मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला आणि अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या झाडांची विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होऊ लागली. फसवणुकीला आळा बसला. मात्र स्वतःच्या बांधावरचे झाडही आपण विकू शकत नाही, ही भावना पक्की झाली.

मग बंदीचे युग आले. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन इतर कामांसाठी देणे थांबवले. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वन विभागाच्या व्यवस्थापन आराखड्याशिवाय, जंगलात कुठेही तोड करता येणार नाही असे बजावले. या दोन्ही पावलांनी देशाचे फार मोठे नुकसान टळले आहे. धरणे, खाणी आणि कारखान्यांसाठी सरसकट जंगल देण्याची सवय त्यांनी मोडली. त्यांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण कागदावरची बंदी अधिकृत तोड थांबवते. रात्री सायकलवर, मोटारसायकलवर निघणारा सागाचा ओंडका, दर उन्हाळ्यात लागणारा वणवा, वर्षभर मोकाट चरणारी गुरे आणि शेतीसाठी हळूहळू सरकत जाणारी जंगलाची कड यांतले काहीच तिच्याने थांबत नाही. 177 चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य 1969 मध्ये जाहीर झाले. उत्तरेला मध्य प्रदेशातल्या सातपुड्याशी ते सलग आहे. अभयारण्याचा दर्जा हा कायद्याने देता येणारा मोठा आधार. तरीही तिथे अतिक्रमणे झाली आणि सागाच्या चोरट्या तोडीच्या बातम्या अजूनही येतात. एक वनरक्षक, त्याच्या वाट्याला कित्येक चौरस किलोमीटरचा डोंगर आणि भोवती अशी गावे, ज्यांना त्या जंगलात काहीच वाटा नाही. या मांडणीत पहारा कधीही पुरा पडणार नाही.

जगभरचे चित्रही फार वेगळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार 1990 पासून सुमारे 42 कोटी हेक्टर जंगल नष्ट झाले, आणि याच संघटनेच्या पुढच्या अभ्यासात जंगल नष्ट होण्यामागे जवळपास 90 टक्के वाटा शेती आणि चराईच्या विस्ताराचा असल्याचे आढळले. लाकूडतोड जंगलाला दुबळे करते, रस्ते उघडते, वाट मोकळी करते. पण तोडलेले जंगल, मुळे जिवंत ठेवली आणि जमीन मोकळी सोडली, तर पुन्हा उभे राहू शकते. नांगर फिरला की ती शक्यता संपते. या फरकाकडे आपण नीट पाहत नाही.

सातपुड्यातली झाडे तो फरक स्वतःच समजावून सांगतात. साग कापला की बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात. जोमदार खोडव्याचे काही वर्षांत वासे होतात. म्हणजे सागाची आखीव तोड हा त्याचा शेवट नसतो. सालईच्या फांद्या जमिनीत रोवल्या तरी जगतात आणि तिचा पाला गुरे फारशी खात नाहीत, म्हणून चराईने बोडक्या झालेल्या उतारांवरही ती तग धरते. अंजनाची गोष्ट मात्र निराळी आणि काळजी करण्यासारखी आहे. भारतातल्या सर्वांत जड, टिकाऊ लाकडांत अंजन मोजले जाते. दुष्काळात त्याच्याच पाल्यावर खान्देशातली जनावरे जगली आहेत. पण त्याला दरवर्षी भरपूर बी धरत नाही. तीन ते पाच वर्षांतून एखाद्या वर्षी झाडे शेंगांनी लगडतात. त्या वर्षी रुजलेले रोप आधी खोल मूळ घालते. वरचा कोंब उन्हाळ्यात वाळतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो, असे वर्षानुवर्षे चालते. त्या काळात गुरांनी तो कोंब खाल्ला किंवा वणव्याने जाळला, तर मुळात साठलेली ताकद दरवेळी खर्च होते आणि शेवटी रोप मरते. वर उभी असलेली म्हातारी अंजने पाहून जंगल शाबूत आहे असे वाटते, पण खाली एकही तरुण झाड नसते. एकही झाड न तोडता जंगल मरू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. उलट, बी धरलेल्या वर्षापासून काही वर्षे तेवढा उतार चराईला बंद ठेवला आणि वणव्यापासून जपला, तर अंजन स्वतःच उभे राहते, सरकारी रोपवाटिकेची गरज पडत नाही. हे राखण्याचे काम कोण करू शकतो? ज्याची गुरे त्या उतारावर चरतात, तोच. दुसरा कोणीही नाही.

यावर केळीच्या पट्ट्यातला शेतकरी विचारील की जंगलाशी माझा संबंध काय? तो फार जवळचा आहे. रावेर आणि यावल तालुक्यांतली केळी मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर उभी आहे आणि ते पाणी गेल्या काही दशकांत खोल खोल गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा एक पट्टा आहे, भूजलतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्या डोंगरातून उतरून या पट्ट्यावरून तापीकडे जातात आणि जाता जाता तिथेच पाणी जिरवतात. तापीचे पुराचे पाणी वळवून याच पट्ट्यात मुरवण्याची मोठी योजना अनेक वर्षे चर्चेत आहे, ती याच कारणाने. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. झाडे लावली की पाऊस वाढतो, असे या प्रमाणावर म्हणता येत नाही. झाडे स्वतः पाणी पितातही. कोरड्या प्रदेशात दाट, एकसुरी लागवड केली तर ओढ्याचे पाणी घटल्याचीही उदाहरणे आहेत. डोंगरउतारावर गवत, झुडपे आणि विरळ झाडी यांचा जिवंत थर पावसाच्या थेंबाचा मार बोथट करतो, माती धरून ठेवतो आणि पाण्याला जिरायला वेळ देतो. तो थर गेला की तेच पाणी चार तासांत गढूळ लोंढ्याने निघून जाते आणि बझाड्याच्या दगडांमधल्या फटी गाळाने बुजवते. शिरपूर तालुक्यात नाला खोलीकरणाने आणि बंधाऱ्यांनी भूजल वाढवण्याचे काम गाजले आणि त्याचा उपयोगही झाला. पण वरचा डोंगर उघडा असेल, तर खालचा प्रत्येक बंधारा ठरावीक वर्षांनी गाळाने भरणार आणि पुन्हा पुन्हा यंत्रे लावावी लागणार.

आता ज्या गावाने हिशेब परत घेतला, त्याच्याकडे वळू. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पलीकडे बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा आहे. 1990 च्या आसपास तिथे तेच होते जे आजूबाजूला सर्वत्र होते: उघडे डोंगर, उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण, पोटासाठी स्थलांतर. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार या गावच्याच तरुणाच्या पुढाकाराने आणि वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने गावाने सुमारे 445 हेक्टर जंगल राखायला घेतले. गावाने नियम केले ते स्वतः, बैठकीत, आणि दंडही स्वतःच ठरवले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू झाली. पाळीपाळीने राखण सुरू झाली. इथे एक गोष्ट बाहेरचा माणूस हमखास विसरतो. बारीपाड्याने लाकूड वापरणे सोडले नाही. मेलेले, वाळलेले लाकूड ठरलेल्या रीतीने आणायचे, हिरवे तोडायचे नाही, असा मार्ग काढला. शेतीची आणि घराची गरज गावापुढे मांडायची आणि गावाने ती पुरवायची, ही जबाबदारी पाड्याने उचलली. बंदी होती ती बेहिशेबी तोडीवर. त्यासोबत नाल्यांवर दगडी बांध आले, भाताचे आणि भाजीपाल्याचे उत्पन्न वाढले, विहिरींना पाणी राहू लागले आणि शेजारच्या गावांचीही तहान तिथून भागू लागली. 2004 पासून पाड्यात भरणाऱ्या वनभाजी महोत्सवात पावसाळी रानभाज्यांची जी विविधता दिसते, ती परत आलेल्या जंगलाची सर्वांत साधी आणि खरी मोजणी आहे. चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तो सन्मान एका माणसाचा आहे आणि एका पद्धतीचाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिला असा की बारीपाडा हे एका कर्तबगार माणसाचे काम आहे; प्रत्येक गावाला असा माणूस कुठून आणायचा? यात तथ्य आहे. नेतृत्व मागवून मिळत नाही. पण नेतृत्व काही एका गावातच उगवले नाही. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या प्रयत्नांतून ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळून कुरण परत आणले आणि तिथे झाडांपेक्षा गवतावर भर होता, हेही महत्त्वाचे आहे. खान्देशाच्या कमी पावसाच्या भागात गवताळ डोंगर हेच मूळ रूप आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तिथली माणसे, पीक, पाऊस, भाषा सगळेच वेगळे. तिन्ही ठिकाणी सारखे काय आहे, तर नियम करण्याचा आणि मोडणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार गावाने स्वतःकडे घेतला. नेता अधिकार वापरायला शिकवतो. अधिकारच नसेल तर नेताही काही करू शकत नाही. आणि बारीपाड्याच्या काळात तर कायद्याने तो अधिकार दिलेलाही नव्हता. गावाने तो नैतिक बळावर चालवला. आज 2006 चा वनहक्क कायदा सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन हा हक्क म्हणूनच देतो. चोपडा, यावल, रावेर, साक्री, शिरपूर तालुक्यांतली अनुसूचित क्षेत्रातली गावे ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या कक्षेतही येतात. तेव्हा जे नशिबाने घडले, ते आता नियमाने घडवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. वनहक्क कायद्यानेच अतिक्रमणाला चालना दिली, कसलेल्या वनजमिनीचा पट्टा मिळेल या आशेने यावलच्या जंगलात नवी शेते काढली गेली, असे निसर्गप्रेमींचे म्हणणे आहे. या भीतीला आधार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कायद्याने 13 डिसेंबर 2005 ही मुदत घातली आहे आणि त्यानंतरचा ताबा चालत नाही. पण मुदत तपासायची कशी, जुन्या उपग्रह छायाचित्रांचा आधार घ्यायचा की वृद्धांच्या जबाबाचा, यात दावे वर्षानुवर्षे रखडले. दावा अधांतरी राहिला की दोन्हीकडून नुकसान होते. ज्याचा खरा हक्क आहे, तो कायम धास्तीत राहतो, आणि ज्याला नवे शेत काढायचे आहे, त्याला गोंधळाची आड मिळते. या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. वैयक्तिक पट्ट्यांवरच सगळे लक्ष गेले आणि सामूहिक हक्काची कलमे मागे पडली, हे दुखणे आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला नवे अतिक्रमण हे स्वतःच्या तेंदूपत्त्यावर, मोहावर, डिंकावर आणि गवतावर आलेले संकट वाटते. ते थांबवण्याची तिची क्षमता वनरक्षकापेक्षा जास्त असते, कारण शेत कोण काढतो आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळते. कधीकाळी खान्देशच्या डोंगरांवरच्या रोशा गवताचे तेल मुंबईमार्गे थेट तुर्कस्तानात जात असे. लाकडाला हात न लावता जंगलातून पैसा येऊ शकतो, ही गोष्ट या भागाला नवी नाही.

लाकूड वापरूच नका, असे म्हणणाऱ्यांना एक उत्तर द्यायला हवे. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कर्ब असतो. तो झाडाने हवेतून घेतलेला असतो आणि तुळई घरात उभी आहे तोवर तो तिच्यात राहतो. धाब्याच्या जुन्या घरात शंभर वर्षे टिकलेला खांब शंभर वर्षे तो कर्ब धरून आहे. सिमेंट आणि पोलाद यांच्या निर्मितीत मात्र प्रचंड इंधन जळते, आणि सिमेंटच्या बाबतीत तर चुनखडी भाजतानाच मोठ्या प्रमाणावर कर्बवायू बाहेर पडतो. तेव्हा चांगले वाढवलेले, टिकाऊ कामाला लावलेले लाकूड हे पर्यावरणाच्या बाजूचे आहे. अट एवढीच, की ते परत उगवणाऱ्या जागेतून आलेले असावे. इथे आपल्या वखारींचा प्रश्न येतो. इथल्या जंगलात तोड थांबली म्हणून मागणी थांबली नाही. सागवान आता आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून जहाजाने कांडल्याला उतरते आणि ट्रकने देशभर पसरते. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्याआधी तिथल्या नैसर्गिक सागवनांवर आपल्या बाजारपेठेचा मोठा भार होता. आपला डोंगर राखून दुसऱ्याचा बोडका करण्याला संवर्धन म्हणता येणार नाही. घर बांधणाऱ्याने वखारीत भाव विचारताना हे लाकूड कुठले, लागवडीचे की नैसर्गिक जंगलाचे, एवढे विचारावे. आणि पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळत असेल, तर नवे घेऊच नये; वाळून, मुरून, वाकायचे तेवढे वाकून झालेले ते लाकूड नव्याहून भरवशाचे असते.

नवे लाकूड येणार कुठून, याचे उत्तर जंगलात नाही, शेतात आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभागाच्या 2011 च्या अहवालाने दाखवले की सरकारी जंगलांतून वर्षाला सुमारे 32 लाख घनमीटर लाकूड निघते, तर जंगलाबाहेरच्या झाडांची क्षमता सुमारे 4 कोटी 28 लाख घनमीटर आहे. 1988 च्या वननीतीनेही कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या सहकार्याने पिकवावा असेच सांगितले होते. मग खान्देशातला शेतकरी बांधावर झाडे का लावत नाही? त्याची कारणे त्याच्या आळसात नाहीत. 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याने साग, आंबा, मोह यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडल्यावर वाहतुकीचा परवाना लागतो. हे कायदे चोरीचे लाकूड ओळखण्यासाठी आहेत आणि त्या हेतूने त्यांची गरजही आहे, पण पंचनामा, मोजणी, शिक्का, परवाना या फेऱ्यांत गरजू शेतकरी दलालाला उभे झाड विकून मोकळा होतो. दुसरे कारण बाजाराचे. 1980 च्या दशकात नाशिककडे निलगिरीची मोठी लाट आली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्थाही काढल्या, आणि सगळ्यांची झाडे एकदम तयार झाल्यावर भाव कोसळले. तो धडा विसरून आता सगळ्यांनी एकच झाड लावावे असा प्रचार पुन्हा होऊ नये. बांधाला बाभूळ आणि कडुनिंब, विहिरीच्या आणि ओढ्याच्या काठाला बांबू, पडीक कोपऱ्यात साग, अशी मिश्र लागवड हीच या मातीला मानवते. बांबूच्या बाबतीत तर वाट मोकळी झाली आहे: 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला वन कायद्याच्या परवान्याची गरज उरली नाही. केळीच्या घडांना टेकू द्यायला बांबू लागणाऱ्या जिल्ह्याने तो स्वतःच्या बांधावर घ्यायला काय हरकत आहे?

लाकडाचा सर्वांत मोठा वापर मात्र फर्निचरसाठी किंवा घरासाठी नाही, चुलीसाठी होतो. त्याच 2011 च्या अहवालानुसार देशात वर्षाला सुमारे 21.6 कोटी टन सरपण जळत होते आणि त्यातले जवळजवळ 5.9 कोटी टन जंगलातून येत होते. 2016 च्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गावोगाव पोहोचली, पण टाकी पुन्हा भरायला पैसे लागतात आणि सरपण आणायला फक्त कष्ट. तेही बहुतेक वेळा बाईचे. खान्देश हा कपाशीचा प्रदेश आहे. दरवर्षी शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांचा मोठा भाग बांधावर जाळून टाकला जातो आणि त्याच वेळी दहा-वीस किलोमीटरवरच्या पाड्यात बाया डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरतात. पऱ्हाट्यांचे ठोकळे करून विकण्याचे उद्योग आहेत, पण ते कारखान्यांच्या बॉयलरला माल पुरवतात; पाड्याच्या चुलीपर्यंत ते आले नाहीत. सामूहिक हक्क असलेल्या ग्रामसभांनी व्यवस्थापनाचा आराखडा करताना सरपणाची वार्षिक गरज मोजली, किती कुठून घ्यायचे आणि किती पऱ्हाट्यांतून भागवायचे हे ठरवले, सुधारित चुलींचा खर्च आदिवासी विकासाच्या निधीतून मागितला, अंजनाला बी धरलेल्या वर्षी कोणता उतार बंद ठेवायचा हे लिहून ठेवले आणि वन विभागाने तो आराखडा आपल्या कार्य आयोजनेत जसाच्या तसा समाविष्ट केला, तर हे साधेल; या कामाला नवा कायदा लागत नाही. यावल आणि चोपड्यातल्या ज्या ग्रामसभांनी आपले दावे दाखल केले आहेत, त्यांच्या फायली जिल्हा समितीपुढे लवकर निकाली काढाव्यात, ही या सगळ्यातली पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे.